आंबट देवाचा प्रसाद

प्रिय नाना,

नाही, ते तुमचं 'बरं' आता मला ऐकवूच नका! तुम्ही थांब म्हणायला हवं होतं. बाप होतात ना माझे? एक दिवस आधी निघू म्हणालो, तर सरळ कान पिळायचा. तुम्ही काय केलंत? "बरं," म्हणालात आणि पिशवी भरायला घेतलीत. वर्ष होत आलं, मी त्या एका शब्दाशी भांडतोय.

एरंडोलच्या स्टँडवर बसून लिहितोय. आई पाण्याची बाटली भरायला गेलीय. परवा वावरातल्या पराट्या उपटून झाल्या. कापसाच्या त्या वाळक्या काड्या बांधाला लागल्या की तुम्ही म्हणायचात, "चला." मग आपण तिघं कोकणात. तेच गाव, त्याच काकूंची भाड्याची खोली, तीन दिवस. ना कोणाचं लग्न, ना दवाखाना, ना देव. आपल्या गल्लीतून असं कोणी कुठे जातं का हो?

म्हणून तर पहिल्या वर्षी परत आलो तेव्हा समोरच्या सुमनअक्काने ओट्यावरूनच विचारलं, "नाना, कोनता देवले जाई उनात?" आता हिला काय सांगायचं? पद्मालयाचा गणपती हाकेच्या अंतरावर सोडून हा माणूस दोन दिवस गाड्या बदलत नुसतं पाणी बघायला गेला होता? तिने तर प्रसादासाठी हातही पुढे केला. तुम्ही पिशवीत हात घातलात आणि काकूंनी दिलेलं एक आमसूल तिच्या तळहातावर ठेवलंत. तिने ते कपाळाला लावलं, तोंडात टाकलं, आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.

"हाऊ देव भलताच आंबट शे व माय!"

झालं! तेव्हापासून दरवर्षी अख्ख्या गल्लीला आंबट देवाचा प्रसाद. तुम्ही घरोघर वाटत फिरायचात, तोंड असं गंभीर करून, की मला हसू आवरायला घरात पळावं लागायचं.

आणि ती चप्पल आठवते? गिरणा नदीवर ठेवतो तशी पाण्याच्या कडेला काढून ठेवलीत आणि निघालात चालायला. मी नेहमीसारखा पुढे. तुम्ही मागून ओरडलात, "धाव नको रे, समुद्र काय पळी जास का?" परत आलो तर पाणी वर चढलेलं, चप्पल गायब. समुद्र नाही पळाला नाना, चप्पल पळाली! तुमचा मात्र राग समुद्रावर. "गिरणा इतला वरीस पासून वळखस, कधी असं करं नही तिनी." काकूंच्या अंगणापर्यंत अनवाणी आलात. त्यानंतर तुम्ही किनाऱ्यावर कायम चप्पल हातात घेऊन चाललात, जणू कुणी मागतच होतं.

जेवणाचंही तसंच. पहिल्या दिवशी आमटी तोंडात घेऊन आईच्या कानात म्हणालात, "हाई बाईना हातमाईन गूळ पडी गया का?" आणि पिशवीतून काळ्या मसाल्याची पुडी काढलीत. तिसऱ्या वर्षी पुडी तशीच परत आली. घरी येऊन आईकडे गोड आमटी मागितलीत, तेव्हा ती म्हणाली, "मंग तठेच रहा ना!" राहिला असतात तुम्ही. सुरूच्या झाडांखाली तासन् तास गप्प बसायचात. मला कळायचंच नाही, माणूस इतका वेळ काय बघतो? मी दर दहा मिनिटांनी उठायचो, फोन बघायचो, वाळूत कथेची वाक्यं लिहायचो. माझी ती पूर्णविराम नसलेली कथा तुम्ही चष्मा लावून वाचलीत आणि एवढंच विचारलंत, "मंग मानूसनी दम कोठे लेवाना?"

मी चिडलो होतो. पण बरोबर होतं तुमचं.

मागच्या वर्षी तिसरा दिवस तुम्ही राखून ठेवला होता. किनाऱ्याच्या पार त्या टोकाला जायचं, जिथे खाडी समुद्राला मिळते. दरवर्षी अर्ध्यातून परत यायचो, कधी आईचा गुडघा, कधी माझी घाई. "अवंदा जाऊच," म्हणाला होतात. आणि मला पुण्यात माझ्या कथेचं वाचन होतं. एक दिवस आधी निघू, म्हणालो.

किती लोक आले होते त्या वाचनाला, कधी सांगितलं नाही तुम्हाला. नऊ. त्यातले दोघं खुर्च्या मांडणारे.

आपण घाईत निघालो आणि आमसुलं राहिली. काकू म्हणत होत्या, उद्या बांधून देते. वाचन करून मी घरी आलो, त्या दिवशी तुम्ही एरंडोलच्या किराणा दुकानातून घेऊन ती गल्लीत वाटलीत. सुमनअक्काने चाखून विचारलं, "अवंदा देव बदलना का?" तुम्ही हसलात. मग घरात येऊन पलंगावर बसलात, पाय खाली सोडून. मी ते पाहिलं होतं नाना. पाहून मी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

पावसाळ्यात तुम्ही गेलात.

आई यायला तयारच नव्हती. वर्षसुद्धा झालं नाही, लोक काय म्हणतील, आणि कोणासाठी जायचं? काल सुमनअक्का दारात येऊन उभी राहिली. "माय, अवंदा परसाद नही का?"

आई रडायलाच लागली. म्हणाली, "अक्का, देव नव्हता कोणताच. आमसूल होतं ते. खोटं बोललो आम्ही."

अक्का तिच्याजवळ बसली. "माले का आमसूल माहित नही? बठ्ठी गल्लीले माहित शे व. पन देताना नानासले किती आनंद होये! जाय बहीन. परसाद लई ये."

म्हणजे बघा! तुम्ही आम्हाला घेऊन सगळ्या गल्लीला फसवत होतात, आणि गल्ली हात पुढे करून तुम्हाला. आईने डोळे पुसले आणि माळ्यावरची पिशवी मला काढायला लावली.

तर ऐका. पहिले दोन दिवस मी फोन काकूंच्या फडताळात ठेवणार. सुरूखाली बसणार, उठणार नाही. आणि तिसऱ्या दिवशी त्या टोकापर्यंत जाणार, आईच्या मागे, तिच्या गुडघ्याच्या चालीने. संध्याकाळ झाली तरी चालेल. आमसुलं काकूंचीच आणेन आणि घरोघर मीच वाटेन, तोंड तुमच्यासारखं गंभीर करून. जमलं तर.

धुळ्याची गाडी लागली. आई हाका मारतेय, चप्पल हातात घेऊन! अहो, आत्तापासूनच! चाललो मी, नाना. तुम्ही 'बरं' म्हणायच्या आत.

तुमचा,
भूषण