बंधुराजांनी पाहुण्याला लोळवलं

सेंट उर्सुल, लुईझियाना
मंगळवार

ती. ओडील वन्संना,

क्लोटिल्डचा वाकून नमस्कार. दमा कसा आहे? दारातल्या पेकनच्या झाडाने यंदा तरी फळायचं मनावर घेतलं का? इकडे सगळे ठणठणीत. फक्त तुमच्या बंधुराजांनी परवा भर समारंभात प्रमुख पाहुण्याला गवतात लोळवलं. पेपरात वाचून घाबराल, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकन फुटबॉल सोडल्यापासून थॅडियस कसे झाले होते ते तुम्ही ईस्टरला पाहिलंच. (दिवसभर तुमच्या कुत्र्याशीच काय ते बोलले.) ओसरीवर बसायचं आणि एकच पालुपद: "क्लो, लोकांनी चेंडू घेऊन धावून नाव काढलं. मी काय केलं? जन्मभर माणसं आडवी केली." आता बचावफळीतल्या माणसाचं कामच ते! एवढ्या कारकिर्दीत चेंडू हातात आला तो एकदाच, आणि तोही यांनी गोंधळून पंचांना नेऊन दिला. त्यामुळे गावाने शाळेच्या मैदानाला 'थॅडियस ब्रूसार्ड' हे यांचं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा हे हरखण्याऐवजी धास्तावलेच. त्यात पाहुणा कोण, तर प्रेस्टन हॅलोरन! (तुम्ही सामन्याला फक्त खायला यायचात म्हणून सांगते: समोरच्या संघाचा चेंडू फेकणारा म्होरक्या. यांनी सर्वांत जास्त वेळा आपटला तो हाच.) आला तो काठी टेकत. "ती काठी माझ्यामुळेच," म्हणत हे गाडीत दडून बसले. मी ओढून बाहेर काढलं. (यांचं वजन तुम्हाला ठाऊक आहे, ओढून म्हणजे धमकावून.)

प्रेस्टनने हसतमुखाने दोरी खेचली. पडदा आला, आणि पडद्यामागची नावाची भलीमोठी लाकडी पाटीही त्याच्या डोक्यावर यायला निघाली. मला किंचाळायलाही सुचलं नाही. हे मात्र खुर्चीतून सुटले ते पाहुण्याला कमरेत धरून पार गवतात घेऊन गेले! पाटी रिकाम्या जागी आदळली. सगळं गाव उभं राहून बोंबलायला लागलं.

खालून प्रेस्टन म्हणाला, "अजून डावीकडूनच येतोस होय रे, मेल्या?"

"लागलं का रे?" हे अगदी रडकुंडीला आलेले.

"लागणारच की! पण ऐक. मी फेकलेला एकही चेंडू कुणाला आठवत नाही. जाईन तिथे लोक विचारतात, ब्रूसार्ड अंगावर आला की कसं वाटायचं? तुझ्या नावावर गावोगाव जेवतोय मी, गाढवा! आणि काठीचं म्हणशील तर नातीच्या सायकलवरून पडलो."

वन्सं, हे इतके हसले की उठताच येईना. तो आवाज मी विसरूनच गेले होते. मला टोपी डोळ्यांवर ओढून घ्यावी लागली.

तेव्हापासून प्रेस्टन कंबर शेकत आमच्याकडेच आहे. न्याहारीपासून दोघे मिरपूडदाण्या आणि बरण्या मांडून जुने सामने पुन्हा खेळतात. गंबोच्या रश्श्याचं पातेलं दुपारीच खडखडीत. घर कसं आनंदाने भरून गेलंय!

तुमची,
क्लोटिल्ड

ता. क. भरून गेलंय म्हणजे मला उभं राहायला जागा नाही. काल बरण्या पुरेनात म्हणून प्रत्यक्ष करून दाखवलं. त्यात सोफा मोडला. तुमची मागची खोली रिकामीच असते ना? पाहुण्याला थोडे दिवस ठेवून घ्याल?

ता. क. दुसरा. पाहुणा एकटा यायला तयार नाही, आणि बंधुराज त्याला एकटा सोडायला. दोघेही आत्ताच निघाले. पत्राआधी पोचले तर फुलदाण्या उचलून ठेवा.

ता. क. तिसरा. घर फार शांत झालंय हो. शनिवारी मीही येते.