पडल्या गुरुत्वानं, मोडला विजेनं

तीर्थरूप वहिनींना, शिक्षकखोलीतून बसल्या बसल्याच नमस्कार.

पायाचं प्लास्टर कसं आहे? दादा चहा वेळेवर देतो ना? तुम्ही स्वस्थ पडून राहा, इकडची काळजी करू नका. ती मी करतोच आहे.

तुम्ही प्रयोगशाळेत स्टुलावरून पडलात आणि हेडबाई मला म्हणाल्या, "वहिनींचा तास तुम्हीच घ्या, घरचंच काम." मी जन्मभर व्याकरण शिकवलंय, हे त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तुमची वही उघडली, त्यात होतं : 'विद्युतबल व गुरुत्वबल, तुलना. कंगवा, कागदाचे कपटे.' मी भर वर्गात कंगवा डोक्यावर घासला. (माझं डोकं तुम्ही पाहिलंय, घासण्याजोगं तिथं काही उरलेलं नाही.) कपटे ढिम्म. शेवटी पहिल्या बाकावरच्या वेणीवालीनं तो आपल्या केसांतून फिरवला, आणि कपटे टुणकन वर! मला स्फुरणच चढलं. म्हटलं, बघा, अख्खी पृथ्वी खाली ओढतेय, तरी एवढासा कंगवा जिंकला! प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यात तर विद्युतबल गुरुत्वबलाच्या दोनावर एकोणचाळीस शून्यं इतक्या पटींनी मोठं! शून्यं काढता काढता फळा संपला (दोनदा, कारण मध्येच मोजणी चुकली).

तेवढ्यात वेणीवाली उठली. "मग सर, बाई पडल्याच कशा? विजेनं धरून का नाही ठेवलं?"

मी भराभरा वही चाळली. वहीच्या समासात तुमचं बारीक अक्षर सापडलं, देवासारखं. धन आणि ऋण प्रभार सारखेच, म्हणून एकमेकांना खोडतात. गुरुत्वाला ऋण बाजूच नाही, ते नुसतं साठत जातं. आणि खाली जमीन जी अडवते, ते अणूंमधलं विद्युतबल.

"म्हणजे बाई पडल्या गुरुत्वानं, पण पाय मोडला विजेनं!" वेणीवाली ओरडली. मी घाईघाईनं हो म्हणालो. नेमक्या त्याच वेळी हेडबाई दारात.

"विजेनं? बाईंना शॉक बसला होता?"

मी समजावेपर्यंत त्यांनी प्रयोगशाळेची वीज बंद करवली, वायरमनला बोलावलं, आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. वायरमन दोन तास भिंती ठोकून पाहत होता. मी खुलाशाचा चौथा कागद फाडलाय.

प्रकृतीला जपा.

आपला,
धाकटा दीर

ता. क. वेणीवालीचं वाक्य बरोबर आहे का, तेवढं कळवा. तिनं ते वहीत उतरवून खाली माझी सही घेतली आहे.

आणखी ता. क. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत, हे मी विसरलेलो नाही. फक्त हेडबाईंनी विचारलं त्या क्षणी विसरलो आणि "सोमवारी येतायत" असं बोलून बसलो. रविवारी संध्याकाळी चाकांची खुर्ची नि गाडी घेऊन येतो. तयार राहा.