विशाखाची ट्रंक आत ठेवली आहे

नाशिकरोड,
रविवार, २१ फेब्रुवारी १९८२

चि. सौ. सुलाबाई हिस,
विठाबाईचा सप्रेम जयभीम.

काल दुपारी मी शाळेतून घरी आले तेव्हा तुझा भाऊ सावळीराम माझ्या दारात विशाखाच्या ट्रंकेवर बसलेला होता. ट्रंकेला दोरी बांधलेली होती आणि लेकीला कॉलेजातून काढून गावी घेऊन जाण्याचे काम तुम्ही नवराबायकोने त्याच्यावर सोपवले होते, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेले तेल लावतेस, की बाटली फडताळात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? सहादूचा खोकला कमी झाला असेल असे समजते, कारण विडी सोडल्याचे त्याने कळवले आहे. (न सोडल्याचे सावळीरामने कळवले आहे.) मी ठीक आहे. मला काही होत नाही.

हे पत्र तुला आहे, सहादूला नाही. तुला वाचता येत नाही म्हणून तो मोठ्याने वाचून दाखवणार, आणि गैरसोयीचे वाक्य आले की खाकरून पुढच्या ओळीवर जाणार. माझा धाकटा भाऊ आहे तो, दुसरीच्या धड्यापासून हेच करत आला आहे. (सहादू, हेही वाच. सावळीरामला मी सगळे पत्र आधीच वाचून दाखवले आहे. तो शेजारी बसून ऐकणार आहे.)

आता मुळापासून सांगते. विशाखा माझ्याकडे राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर तू आठवड्यातून दोनदा एसटीने तिच्यासाठी डबा पाठवू लागलीस. त्याची काही गरज नव्हती हे मी तेव्हाही सांगितले होते. मुख्याध्यापिकेच्या घरात राहणाऱ्या मुलीला निफाडहून डबा यावा, यात मुख्याध्यापिकेच्या स्वयंपाकाविषयी काहीतरी सुचवले जाते, आणि ते काय हे कळण्याइतकी मी शिकलेली आहे. पण मी गप्प बसले. भिकन कंडक्टर डबा ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून आणतो, विशाखा कॉलेज सुटल्यावर नाशिकच्या सीबीएस स्टँडवर तो घेते आणि मागचा डबा त्याच्या हाती परत देते. इथवर सर्व सुरळीत होते.

गडबड शिष्टाचारातून झाली. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये हे आपल्या घरचे वळण. आमची आई शेजारणीची वाटी परत करताना घरात दुसरे काही नसले तर मिठाचे चार खडे घालायची. विशाखा तुझा डबा नुसता घासून परत करते हे पाहिल्यावर मी तिला बजावले की बाळ, आईचा असला म्हणून काय झाले, भांडे ते भांडे. काहीतरी घालत जा. ती बिचारी काय घालणार? घरात होत्या शंकरपाळ्या.

त्या मी केल्या होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनातला मैदा उरला होता, तो वाया जाऊ नये म्हणून. आता शंकरपाळ्यांबद्दल लोक काहीही बोलतात, पण माझी पद्धत विचारपूर्वक ठरवलेली आहे. पिठात कढत तुपाचे मोहन घालणे हा निव्वळ अपव्यय आहे, कारण नंतर त्या तेलातच तळायच्या असतात. साखर रेशनची, ती चहाला लागते, म्हणून बेताची घातली. बाकी आकाराच्या बाबतीत मी तडजोड केली नाही. पट्टी लावून कापल्या. साऱ्या नाशिकरोडमध्ये इतक्या सरळ कडांच्या शंकरपाळ्या कोणाकडे निघणार नाहीत. रंग थोडा गडद आला आणि अंगाने घट्ट झाल्या हे खरे, पण टिकाऊ पदार्थ टिकावा हीच अपेक्षा असते.

तर विशाखा प्रत्येक वेळी मूठभर घालत गेली. आणि तुम्ही काय केलेत, ते मला काल सावळीरामच्या तोंडून कळले. तू डबा उघडलास, आतले तुकडे हातात घेतलेस आणि ठरवलेस की पोर जेवत नाही, तुझ्या पोळ्या तिच्या घशाखाली उतरत नाहीत, अन्न टाकवत नाही म्हणून तुकडे करून वाळवून परत पाठवते आहे. पहिल्या खेपेला तू एकटीच रडलीस. दुसऱ्या खेपेला धोंडाबाईला बोलावून दाखवलेस. (ही धोंडाबाई शेजारीण म्हणून चांगली आहे, पण तिला कोणतीही वस्तू दाखवली की तिला त्यात आजार दिसतो.) धोंडाबाई म्हणाली कावीळ. दुसरी कोणी म्हणाली, पोरीचे मन कुठे तरी गुंतले आहे, अशाने भूक मरते. तिसरीने तिसरेच सांगितले असेल, सावळीराम ते माझ्यापुढे बोलला नाही, यावरून मी ओळखले.

तुम्ही विशाखाची पत्रे का वाचली नाहीत, असे मी सावळीरामला विचारले. दर आठवड्याला ती आंतर्देशीय पत्र लिहिते. त्यात 'मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होते, अभ्यास चालू आहे, काळजी नसावी' असे स्वच्छ अक्षरात असते. त्याने खाली बघत उत्तर दिले, "बाई, सुला म्हनती, ह्ये माझ्या पोरीचं बोलनं नाय. ह्ये बाईंचं बोलनं हाय. पोरगी आशी कव्हा बोलती का? ती म्हनंल, आई, आज लय ऊन होतं, माझी चप्पल तुटली. पत्रात चप्पल नाय, ऊन नाय. मंग डबा खरा मानायचा का कागद?"

सुला, खरे सांगते. विशाखाची पत्रे टाकण्यापूर्वी मी तपासते. तपासताना अनावश्यक मजकूर काढायला सांगते. चप्पल मीच काढली होती.

आता काल दुपारचे. मी सावळीरामला म्हणाले की ट्रंकेवरून उठा आणि खुर्चीवर बसा. तो म्हणाला, "बसतो, पन पोरीला घेऊनच जानार. साडेतीनची गाडी हाय. रागवू नका बाई." विशाखा आतल्या दारात जर्नल छातीशी धरून उभी होती. रडत नव्हती. रडून झाल्यावरचा चेहरा होता. दहा दिवसांवर तिची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती चुकली की वर्ष गेले. आणि मुलीचे वर्ष गेले की पुढे काय होते हे मी शाळेत रोज बघते. आधी 'जूनमध्ये बघू' असते, जूनमध्ये 'आता घरात मदतीला कोणी नाही' असते, आणि त्यानंतरच्या जूनमध्ये ती मुलगी कडेवर पोर घेऊन मला बाजारात भेटते आणि नजर चुकवते. आपल्या घराण्यात मी पहिली बी.ए. झाले. त्यानंतर इतक्या वर्षांत आता कुठे दुसरे नाव लागायची वेळ आली आहे. हे मी सावळीरामला सर्व सांगितले. तो मान डोलवत राहिला आणि दोरीची गाठ आणखी आवळत राहिला. माणूस चांगला आहे, पण बहिणीचा निरोप घेऊन निघाला की बैल होतो.

माझ्या घरातून चहा न घेता कोणी जात नाही, मग तो पाहुणा असो की माणूस पळवायला आलेला असो. मी चहा केला. बशीत शंकरपाळ्या ठेवल्या.

त्याने एक उचलली. तोंडात टाकली. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो आतल्या खोलीपर्यंत गेला. त्याने गाल धरला, दाढ चाचपली, आणि ती शंकरपाळी सबंधच्या सबंध बाहेर काढून उजेडाकडे धरली. मग बशीत पाहिले. मग माझ्याकडे.

"बाई," तो म्हणाला, "ह्ये तर सुलाच्या डब्यातले पोळीचे तुकडे! तुमच्याकडं कसे?"

मी म्हणाले, "त्या शंकरपाळ्या आहेत."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणते. मी केल्या आहेत."

त्याने ती शंकरपाळी हळूच बशीच्या कडेला ठेवली. मग अगदी निरागसपणे, मला वाईट वाटेल असे मनातही न आणता म्हणाला, "आवं, आम्ही रातभर पान्यात भिजत घालून शेळीपुढं टाकले. शेळीनं हुंगलं न् मागं सरली."

आणि विशाखा हसली. आधी पदराआड हसली, मग पदर सुटला, मग भिंतीला टेकून हसली, जर्नल खाली पडले तरी हसत राहिली. तिला धड बोलताही येईना. "आत्या, तुम्हीच म्हणालात ना, भांडं रिकामं देऊ नको... मला दुसरं काय मिळणार होतं?" सावळीरामही मांड्यांवर थापा मारून हसू लागला. मी हसले नाही. (हसण्यासारखे काही नव्हते.) पण माझ्या लक्षात आले की ही मुलगी दीड वर्ष माझ्या घरात आहे आणि तिचे हसणे इतके मोठे आहे हे मला माहीत नव्हते.

मी म्हणाले, झाले ना समाधान? कावीळ नाही, मन गुंतलेले नाही. दोरी सोडा. तर सावळीरामने दोरीला हात लावला नाही. हसू पुसून तो म्हणाला, "तुकड्यांचं खोटं निघालं, बाई. पन पोर वाळली हाय ह्ये खरं का नाय? तुम्हीच बघा."

मी पाहिले. रोज पाहते असे मला वाटत होते. रोज मी वेळेवर उठली का, वेणी घट्ट आहे का, जर्नल पूर्ण आहे का, हे पाहते. काल पाहिले तर तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. मी विचारले, "तू माझ्याकडे पोटभर जेवत नाहीस का?" ती म्हणाली, "जेवते की." मी म्हणाले, हे पत्रातले उत्तर झाले, खरे सांग. तेव्हा खाली बघून म्हणाली, "आत्या, डबा येतो त्या दिवशी जेवते."

माझे पिठले सकाळचे संध्याकाळी चालते, खिचडी मी मीठ कमी घालून करते, कारण ते प्रकृतीला बरे. मुलीने एकदाही तक्रार केली नाही. तक्रार न करणारी मुलगी शहाणी, असे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आले आहे.

साडेतीनची गाडी गेली. सावळीरामने बाह्या वर केल्या, माझा स्टोव्ह पेटवला, घरातले सगळे डबे उघडून नाक मुरडले, आणि मग पिशवीतून तू दिलेला काळा मसाला काढला. तू म्हणालीस म्हणे, बाईंना द्या, चव नसते त्यांच्या हाताला. (हे त्याने सांगितले नसते तरी चालले असते.) त्याने अंड्यांचे कालवण केले, भाकरी थापल्या. विशाखा किती जेवली ते मी मोजले नाही, मला मोजायची सवय असूनही. जेवताना ती बोलत होती. चप्पल तुटली तेव्हा सीबीएसपासून कशी अनवाणी आली, प्रयोगशाळेत कुणाच्या साडीच्या पदराला भोक पडले, भिकन कंडक्टर डब्याच्या वासाने कसा कासावीस होतो, सगळे सांगितले. यातले काहीही मी पत्रात लिहू दिले नव्हते.

तेव्हा सुला, नीट ऐक. विशाखा कुठेही येणार नाही. प्रात्यक्षिक देईल, लेखी देईल, आणि पुढच्या वर्षी बी.एस्सी. होईल. ती वाळली याचा अर्धा दोष माझा आहे, तो मी पत्करते. यापुढे तिची पत्रे मी तपासणार नाही. सोबतचे बंद पाकीट तिने लिहिले आहे, ते मी वाचलेले नाही. सहादूने ते जसेच्या तसे वाचावे. त्यात माझ्याविषयी काही असेल तर तेही वाचावे. आणि पुन्हा कधी पोरीची शंका आली तर डब्याला विचारू नकोस, शेळीला विचारू नकोस, सरळ मला विचार. मी खरे सांगेन. आता मला ते दिसते.

पोरांना आशीर्वाद. धोंडाबाईला जयभीम आणि ही कावीळ नव्हती हा निरोप.

तुझी,
विठाबाई

ता.क. डबा बंद करण्याविषयी मी वर काही लिहिले असे वाटले तर ते तसे नाही. परीक्षेपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही.

ता.क. दुसरा : पाठवतेसच तर दोघींचा पाठव. भाकरी जरा जास्त, आणि ती शेंगदाण्याची चटणी. गेल्या गुरुवारच्या डब्यातली चटणी विशाखाने खाल्ली नव्हती.

ता.क. तिसरा : खरे म्हणजे एवढेच लिहायचे होते, बाकी सर्व ओघात आले. तू स्वतः ये. उद्याच ये, परीक्षा होईपर्यंत राहा. पोर रात्री वाचत बसते तेव्हा तिच्याशी काय बोलावे ते मला कळत नाही, तुला कळेल. गुडघ्यांसाठी इथे डॉक्टरही आहेत. मी स्वयंपाकघरात येणार नाही. (सहादू, याचा अर्थ चूल महिनाभर तुला पेटवावी लागेल. तू खाकरलास हे मला इथे ऐकू आले. लागल्यास शंकरपाळ्या पाठवीन.)

आज सकाळी सावळीराम यांच्या हाती दिले ते असे : हे पत्र. विशाखाचे बंद पाकीट. डबा एक, घासलेला, आत साखर (साखरच आहे, चाखून पाहावी). सुलाबाईसाठी एसटीचे भाडे, वेगळ्या पुडीत, सहादूने हात लावू नये. दाढेसाठी लवंगा. ट्रंकेची दोरी, त्यांचीच, सोडवून.

वरील सर्व मिळाले. भाची मिळाली नाही.
सही : सावळीराम