संकष्टीच्या दिवशीची कॉफी

गोडादरा, सुरत

प्रिय हर्षदा,

तुझे इंग्रज राजदूतसाहेब तुला त्या वाळवंटात ठेवून स्वतः विमानाने लंडनला परतले, हे कळल्यापासून मी दारावरची घंटा बंद करून ठेवली आहे. वाजली की तुझीच बातमी आली असं वाटायचं. दूधवाला आता दार ठोठावतो, तरी तो हाक मारेपर्यंत मी कडी काढत नाही. टीव्हीवर तिकडची लढाई दाखवतात, काळ्या धुराचे लोट असतात, आणि मी मूर्खासारखी त्या धुराखालच्या तंबूंमध्ये तुझा शोध घेत बसते. तू जाणतेस, मी भित्री बाई नव्हे. प्लेगच्या वेळी अर्धं सुरत बोचकी घेऊन स्टेशनकडे धावत होतं, तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते आणि तुझ्या बाबांना सांगत होते की आधी चहा प्या, मग पळा. ती बाई कुठे गेली कोण जाणे. काल कपाटातलं तुझं शाळेचं स्वेटर हातात आलं आणि मी ते परत ठेवूच शकले नाही.

धुरपदाबाई रोज पोळ्या करायला येते तीच मुळी विचारत, "ताई, पोर कव्हय यी?" कधी येणार ते मला ठाऊक असतं तर! तिच्या मुलाचा, निंबाचा, कापडाचा लूम लिंबायतमध्ये एकाच पाळीत चालतो आहे. आखातात जाणारं काळं कापड गोदामात पडून आहे, बोटी सुटत नाहीत. तुमचे साहेब म्हणतात, तिथला हा अमीर आपल्या बाजूला आला की समुद्र मोकळा होईल. होईलही. मी धुरपदाबाईला हे सांगितलं, तर ती पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "मंग त्या सायबाले बसाड ना तठे. आपली पोर कसाले?" माझ्या पस्तीस वर्षांच्या इतिहास शिकवण्यात इतका नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही.

फोन बंद पडायच्या आधी तू मला ती कॉफीची गोष्ट हसत हसत सांगितलीस. मला हसू आलं नाही. बाबा गेल्यापासून तू त्यांची संकष्टी धरतेस, तीही त्यांच्यासारखी कडक, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मी नन्सच्या हाताखाली वाढलेली, मला या उपासांचं कधी कौतुक नव्हतं; पण तू बाबांसाठी करतेस म्हणून गप्प राहिले. आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्हाला अमीरांच्या दरबारात बोलावलं. कॉफीचा पेला हातात आला, तू तो अदबीने घेतलास आणि न पिता समोर ठेवलास. आपल्याकडे कोणी म्हणालं असतं, अगं उपास असेल तिचा, आणि विषय संपला असता. तिथे सगळ्या दरबाराच्या नजरा त्या पेल्याकडे वळल्या. पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, तर त्याला यजमानाकडे काही मागायचं असतं, आणि ते मिळेपर्यंत तो पीत नाही, ही त्यांची रीत. तुझं अरबी इतकं चांगलं आणि ही रीत त्या घाईत तुला आठवली नाही! अमीरांनी तुलाच विचारलं, मुली, काय हवं आहे तुला?

तू खरं सांगितलं असतंस तर ते हसले असते. पण साहेब तुझ्या कानाशी लागले, सांग, मैत्रीचा करार हवा आहे. तू दुभाषी. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडाने बोलणं ही तुझी नोकरी. तू बोललीस. अमीरांना नाही म्हणता येईना, पण तेही काही दुधखुळे नाहीत. ते म्हणाले, दिला शब्द, मात्र तुमची शस्त्रं इथे पोचेपर्यंत जिने मागितलं ती माझ्या घरी पाहुणी राहील. आणि साहेबांनी तुझ्याकडे न बघता मान डोलावली. पाहुणी म्हणे! मराठीत त्याला ओलीस म्हणतात, आणि इंग्रजीतही यांच्याकडे त्याला चांगला शब्द आहे.

मला राग येतो तो यासाठी की हे सगळं मी वर्गात शिकवलेलं आहे. पहिल्या महायुद्धात याच लोकांनी आपला एक कप्तान असाच वाळवंटातल्या एका राजाकडे पाठवला होता, तुर्कांविरुद्ध त्याला आपल्या बाजूला ओढायला. वाटेत लढाई जुंपली. राजा त्याला म्हणाला, तू जा, हे तुझं भांडण नाही. तो गेला नाही. तोफेजवळ उभा होता, तिथेच मेला. तह त्याच वर्षी झाला, सही दुसऱ्या साहेबाने केली. मुलं नेहमी विचारायची, टीचर, मग तो कशाला मेला? मी म्हणायचे, परीक्षेला हे येत नाही, पुढे चला. आता हा प्रश्न माझ्या जेवणाच्या ताटात येऊन बसतो.

कतारगामच्या इंग्रजांच्या कबरस्तानात मी तुला लहानपणी नेलं होतं. घुमट, खांब, जिने असलेल्या त्या थोरल्या कबरी बघून तू विचारलं होतंस की हे राजे होते का. नव्हते गं, वखारीतले व्यापारी होते. ते गाव बघायला आले नव्हते, तेही कुणाकडे तरी काहीतरी मागायला आले होते. मेल्यावरही रुबाब दाखवायचा म्हणून एवढं बांधकाम. तुझ्यासाठी तसलं काही उभं राहिलेलं मला नको आहे. मला तू हवी आहेस, डोकं दुखतंय म्हणून कुरकुरणारी, माझ्याशी भांडणारी, वाटेल तेव्हा दार आपटणारी.

आज सकाळी दार वाजलं. मी बराच वेळ उघडलंच नाही. मला वाटलं, अशी बातमी फोनवर सांगत नसतात, घरी येऊन सांगतात. अखेर कडी काढली, तर साहेबांच्या मुंबईच्या कचेरीतला किरण नावाचा अधिकारी उभा, आणि त्याच्यामागे अमीरांनी पाठवलेला एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ. तू सुखरूप आहेस, हे ऐकल्यावर मी त्यांच्यासमोरच जमिनीवर बसले. किरणने पाणी आणून दिलं, माझ्याच घरात, मलाच. मग गोड मराठीत म्हणाला, "काकू, दोनच ओळी हव्या आहेत. तुमच्या हस्ताक्षरात." अमीरांना कळलंय की तुझे वडील नाहीत आणि आई एकटी आहे. त्यांनी साहेबांना निरोप धाडला, आईच्या शब्दाशिवाय कुणाची लेक मी घरात ठेवून घेत नाही. आईने हो म्हटलं तर मुलगी राहील, नाही म्हटलं तर त्याच दिवशी मी तिला पोचती करीन. किरण म्हणाला, "तुमच्या दोन ओळींवर लढाई थांबू शकते, काकू." तोवर धुरपदाबाईचं लाटणं थांबलं होतं. मला निंबाचा लूम आठवला, मी तिच्याकडे बघितलं नाही.

तो गृहस्थ बाहेरच्या खोलीत पाकिटासाठी थांबला आहे. ते बंद करून त्याच्याच हाती द्यायचं, असा अमीरांचा हुकूम आहे. तिकडे हे पत्र अमीरांसमोर उघडलं जाईल, आणि तिथे मराठी येणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. ते तूच वाचणार, तूच अरबीत सांगणार. हर्षदा, मला बॉम्बची भीती वाटते, पण त्याहून जास्त तुझी वाटते. तू कर्तव्याची पोर आहेस. माझ्या नाहीचं हो करशील आणि मला कधी कळणारही नाही. म्हणून इथपर्यंतचं तुझं, आणि पुढची ओळ त्यांची. ती तशीच्या तशी सांग, मऊ करू नकोस, माझ्या वतीने माफी मागू नकोस: अमीरसाहेब, मी हर्षदाची आई, माझी परवानगी नाही, माझी मुलगी मला परत द्या.

वाट बघत असलेली, तुझीच
आई