पुस्तक उलटं धरा, मॅडम

प्रिय शेख सर,

आधी एका प्रश्नाचं खरं खरं उत्तर द्या. तुम्हाला मराठी वाचता येत होतं की नाही?

रागावू नका. अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत काढलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे कमालच आहे, कळतं मला. पण आपली दुसरीची पोरं छातीठोकपणे सांगतात की येत नव्हतं. काल दुपारपासून माझं डोकं नुसतं गरगरतंय.

आज शनिवार, सकाळची शाळा. पोरं घरी गेली. सुमनबाईंनी खिचडीचं पातेलं घासून पालथं घातलं आणि त्याही गेल्या. आष्टीला जाणारी जीप यायला वेळ आहे, म्हणून तुमच्या वर्गात, तुमच्या खुर्चीवर बसून लिहितेय. या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं! तुम्ही कधी बोलला नाहीत. पत्र पोचवायचं कुठे तेही ठाऊक नाही. पण सोमवारपर्यंत मला विनंती बदलीचा अर्ज भरायचा आहे, आणि शाळेतला कुठलाच निर्णय मी तुमच्याशी बोलल्याशिवाय कधी घेतलेला नाही. आता कुणाशी बोलू?

मे महिन्यात, भर सुट्टीत असं जातात का सर? पोरांचे निकाल वाटून आपण कुलूप लावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मॅडम, यंदा पत्रे गळतेन. जूनच्या आधी बघावं लागन." आणि मग एका सकाळी फोन आला. छातीत कळ आली, जालन्याला नेता नेता वाटेतच सगळं संपलं. मी आष्टीला पोचले तेव्हा जनाजा निघून गेला होता. भाभींशेजारी बसून राहिले. त्या म्हणाल्या, "घर के बच्च्यांकू लेको कब्बी नै बैठे, मॅडम. जो था सो सब उधरीच खर्च करको आते थे." हे कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

जून उजाडला आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात पडले. दुसरा शिक्षक देतो म्हणालेत, अजून कुणी आलेलं नाही. तिसरी-चौथी मी कशीही ओढून नेईन, पण पहिली? सर, पहिलीला मी कधी शिकवलेलंच नाही! आपली वाटणीच तशी होती. पहिली-दुसरी तुमची, तिसरी-चौथी माझी, मधे एक भिंत आणि भिंतीला ती बिनझडपांची खिडकी. तुमच्याकडून पोरं यायची ती घडाघडा वाचतच यायची. मला वाटायचं, पोरं वाचतातच, त्यात काय मोठंसं!

आता कळतंय काय ते. प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं करून झालं. चित्रकार्डं झाली, गाणी झाली, हातवारे करून झाले. पहिलीतला समर्थ आईच्या नावानं गळा काढतो, त्याचं बघून बाकीचेही सुरू होतात. दुसरीची पोरं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात आणि एवढंच म्हणतात, "आमचे सर असं न्हाई करत." मग कसं करायचे? विचारलं की एकमेकांना कोपरानं ढोसतात.

काल मी अशीच पहिलीसमोर पुस्तक धरून बसले होते. दुसरीतली गौरी, ती दोन वेण्यांची, तुमची लाडकी, नाक ओढत पुढे आली. माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, उलटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"असं धरा, मॅडम."

"अगं, असं धरून कसं वाचता येईल?"

"तेच तर! तुम्ही म्हणायचं, मला काय हे येईना. मंग ही पोरं हसतेत. मंग म्हणायचं, हसून काय राह्यले, शिकवा मला."

"सर असं करायचे?"

"करायचे न्हाई. सरांना येतच नव्हतं." किती शांतपणे सांगितलं तिनं! "सरांच्या घरी उर्दू बोलतेत ना. मराठी आम्हीच शिकवलं त्यांना. पण दरसाली विसरून जायचे."

मागे चौथीची पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. मधल्या सुट्टीत मी त्यांतल्या ओंकारला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, तिसरीत गेलं की कळतं. पण ल्हान्याला सांगायचं न्हाई."

"असं कुणी ठरवलं?"

"कुणीच न्हाई. आम्हाला बी कुणी सांगितलं नव्हतं."

सुमनबाई चुलीपाशी हे ऐकत होत्या. "माह्या दोन्ही पोरींनी शिकवलंय त्याह्यला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बिलकुल ठाऊक नव्हतं व्हय?"

बिलकुल नव्हतं, सर! अख्ख्या वस्तीला ठाऊक, खिचडी शिजवणाऱ्या बाईंना ठाऊक, आणि भिंतीपलीकडे बसणारी मी तेवढी कोरडी. तुम्ही मला का नाही सांगितलंत? माझ्या पोटात राहिलं नसतं असं वाटलं का तुम्हाला?

आणि मग एकेक आठवायला लागलं. मागे एकदा मी खिडकीतून बघितलं, तर तुमच्या हातातलं पुस्तक उलटं. मी तरातरा आत आले, सगळ्या पोरांदेखत ते सुलटं करून तुमच्या हातात दिलं. तुम्ही म्हणालात, "थँक्यू मॅडम, ध्यानातच आलं न्हाई." वर मी सल्लाही दिला, जालन्याला जाऊन डोळे दाखवा. "दाखवतो की," म्हणालात. दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उलटंच! मी मनात म्हटलं, सर थकले आता.

आणि ते पेढे? दरवर्षी दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी तुमच्या वर्गातून एक दिवस आरडाओरडा व्हायचा. टाळ्या, बाकं बडवणं, "आलं, आलं!" मी भिंतीवर पट्टी आपटायचे. दुसऱ्या दिवशी तुम्ही आष्टीहून पेढे आणायचात. कशाचे म्हणून विचारलं की एकच उत्तर, "एक जण पास झाला, मॅडम. खा." मी खायचे आणि पेपर तपासत बसायचे. कोण पास झालं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. ते काल गौरीनं सांगितलं. "सर पास झाल्ते ना!"

दिवाळीच्या आतच का, हे मात्र कुणी सांगावं लागलं नाही. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, आईबापांबरोबर पोरंही जातात. तोवर वाचता आलं तर उसाच्या फडावरही काहीबाही वाचत राहतात. नाही आलं तर उन्हाळ्यात परत येतात ती पाटी कोरी करूनच. म्हणजे दिवाळीपर्यंत तुम्हाला घाई असायची. आणि मला वाटायचं, सरांचं किती निवांत चाललंय!

तरीसुद्धा माझी शंका फिटत नाही. काल संध्याकाळी भाभींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मराठी पेपर तो बाजूवालों के पोट्टे से पढवाके सुनते थे." घ्या! मस्टरवर तुमची सही उर्दूत. फळ्यावरचा सुविचार रोज कुठल्यातरी पोराच्या हातचा. शाळेचे सगळे अहवाल माझ्या हातचे, कारण "मॅडम, तुमचं मराठी शुद्ध, तुम्हीच लिहा." सर, तुमच्या हातची मराठीतली एक ओळ तरी मी पाहिलीय का? आठवतच नाही! मग डी.एड. काय उगाच झालात? पहिलीच्या सगळ्या कविता तोंडपाठ होत्या तुम्हाला. पण तोंडपाठ म्हणजे वाचता येत होतं असं कुठे आहे? बघा माझं काय झालंय ते.

आणि याहून मोठा गोंधळ पुढेच आहे.

मी नवीन होते तेव्हाचं आठवतं? मला कुठे मास्तरीण व्हायचं होतं! मुलीच्या जातीला शिक्षिकेची नोकरी बरी, सुट्ट्या असतात, म्हणून बाबांनी मला डी.एड.ला घातलं. सुट्ट्या! मतदार याद्या आहेत, घरोघरचं सर्वेक्षण आहे, तांदूळ निवडून घेणं आहे, ऑनलाइन माहिती भरण्यासाठी बाभळीखाली उभं राहून रेंज शोधणं आहे. त्यातून उरलेल्या वेळात शिकवायचं. आणि वस्तीच्या तोंडाशी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी उभी, आपलीच पोरं उचलून न्यायला. पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन रडायचे. पोरं ऐकायची नाहीत, माझा आवाज फाटायचा, राजीनामा कसा लिहितात तेही मी विचारून ठेवलं होतं.

तेव्हा तुम्ही मधल्या सुट्टीत खुर्ची ओढत यायचात. "मॅडम, हा भागाकार पोरांना कसा सांगावा हो? मला काय जमंना." मी आधी वैतागायचे, मग अंगणातले खडे वेचून आणायचे, वाटण्या करून दाखवायचे. तुम्ही मान डोलवायचात. "असं व्हय! हे बराबर आहे." दुसऱ्या दिवशी तेच खडे घेऊन मी माझ्या वर्गात शिकवायचे आणि पोरांना समजायचं. घरी मी नवऱ्याला ऐटीत सांगायचे, सिनियर आहेत, पण साधा भागाकार शिकवता येत नाही त्यांना. मीच शिकवते.

सर, तेही? पहिली-दुसरीला भागाकार असतोच कुठे! म्हणजे मीसुद्धा?

हसावं की रडावं कळत नाही. एक मन म्हणतं, हे काही बरं केलं नाहीत, मी काय लहान पोर होते का? दुसरं म्हणतं, तुम्ही तसं केलं नसतं तर मी पहिल्याच दिवाळीला घरी बसले असते. आणि मग चौथीतल्या एखाद्या पोरीला अडलेलं गणित सुटतं, ती खालचा ओठ चावत वर बघते, ते मला कधी दिसलंच नसतं. ते दिसलं की घरी जायची जीप चुकते आणि वाईटही वाटत नाही. ही नोकरी चांगली की वाईट, असं कुणी विचारलं तर मला आजही धड उत्तर देता येणार नाही.

पण उत्तर तर द्यायचंय, सोमवारी. जालन्याजवळची शाळा मिळू शकते. ह्यांचं म्हणणं, "आता शेख सरही राहिले नाहीत, कुणासाठी थांबतेस?" आमची सई पाचवीत गेली. ती म्हणते, "तू सगळ्या जगाच्या पोरांना शिकवते, माझाच अभ्यास घेत न्हाई." तिनं असं म्हटलं की भाभींचं बोलणं आठवतं. दुसरीकडे, मी गेले आणि दिवाळीपर्यंत कुणी आलंच नाही तर? ही पहिली तशीच कोरी फडावर जाईल. समर्थ जाईल.

मागच्या साली मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, बदली घेऊ का? तुम्ही म्हणालात, "मला काय कळतं त्यातलं? तुम्हीच सांगा की." इतका राग आला होता मला! वाटलं, अंग काढून घेताय. आता शंका येते, तुम्ही तेव्हाही पुस्तक उलटंच धरलं होतं. मी काय बोलले होते, आठवतं का? "एवढी चौथी बाहेर पडू दे, मग बघू." आणि तुम्ही म्हणालात, "असं व्हय!"

काल शाळा सुटताना गौरी दाराशी घुटमळली. म्हणाली, "मॅडम, जून लागला. सर परत विसरले असतेन. तिथं त्यांना कोण शिकवत आसंल?"

तिचीच तिनं वाट काढली. "तुम्ही लिहून पाठवा ना. मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे त्यांना जमंल."

म्हणून हे पत्र, सर. मोठ्या अक्षरात.

सोमवारी मी पहिलीसमोर पुस्तक उलटं धरणार आहे. मला हसू दाबता येणार नाही, चौथीची पोरं मला पकडतील, पण धरणार. बदलीचा अर्ज यंदा भरत नाही. ह्यांना आज घरी गेल्यावर सांगेन, आणि ते काय म्हणतील त्याची मला आत्तापासून धास्ती आहे. शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार सईचा. तिच्याहीपुढे पुस्तक उलटं धरून बसेन, तेवढं एक तुमच्याहून निराळं करीन म्हणते. पुढच्या साली काय करायचं, ते मला काही येईना. तुम्हाला येत असेल, तर बघा.

दिवाळीच्या आत मी पास झाले, तर पेढे आष्टीहूनच घेईन. पहिला पेढा भाभींच्या हातावर ठेवीन, आणि कशाचा म्हणून विचारलं तर सगळं सांगेन.

जीप आली. हॉर्न वाजतोय.

तुमची,
वर्षा मॅडम
इयत्ता पहिली