रबराचा कोपरा

मंगळवार, लोहारा

लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

कॉलनीच्या बागेतली रबराची फरशी उन्हाने तव्यासारखी तापते. मुलांचे पाय भाजू नयेत म्हणून मी रोज संध्याकाळी तिच्यावर सडा टाकते. गावी अंगण होतं, इथे फ्लॅटला कुठलं? हे गेल्यापासून तेवढंच एक काम हाताला होतं.

आज झोपाळ्याजवळ फरशीचा कोपरा सुटून वर आलेला होता. शेजारची अन्वी त्यात पाय अडकून पडली. गुडघा फुटला. तिच्या आईने वॉचमनला विचारलं, "हे काहून उखडून राह्यलं?"

"पाणी खाली मुरते न ताई, गोंद सुटते." त्याने माझं नाव घेतलं नाही. त्या गेल्यावर मात्र हळूच म्हणाला, "काकू, आता पाणी नका मारू. संध्याकाळी फरशी तशीबी निवते, कोरड्या झाडूनं झाडलं तरी पुरते."

बरोबर आहे त्याचं. पण मी बादली घेऊन उतरले की "सडावाली आजी आली" म्हणत मुलं चपला काढून धावत यायची. झाडू बघून कोण धावणार?

सगळे गेल्यावर त्या कोपऱ्यावर पाय दाबून उभी राहिले. वाटलं, चिकटेल. बागेतले दिवे लागले तरी उभीच होते. पाय उचलला की कोपरा पुन्हा वर.

अंघोळीच्या पाण्यातून वाचवलेली उद्याची बादली मोरीत भरलेली आहे. ओतून टाकायला हात धजत नाही.