लठ्या कोणाचा?

सोमवार, ४ मार्च

सापडला! खाणीत चौदाशे मीटर खाली, शेवटच्या बोगद्यात भिंतीला एक भेग आहे. तिच्यातून कोमट, खारट पाणी झिरपतं. त्या पाण्याने लाखो वर्षं उजेड पाहिलेला नाही, आणि त्यात जीव आहे! आखूड, जाडजूड, आळशी. दोन तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, पठ्ठ्या जागचा हलला नाही. नाव ठेवलं लठ्या.

आईला सांगितलं. म्हणाली, "एवढ्या खाली जाऊन जंतूच आणलास? ते आपल्या बेसिनमध्येही होते की."

असू दे. अठ्ठावीस तारखेला पैसे मंजूर करणारी समिती बसते. लठ्या असला तर आणखी दोन वर्षं काम, नसला तर गाशा गुंडाळायचा.

मंगळवार, ५ मार्च

मोठ्या बाईंनी (प्रयोगशाळा त्यांचीच) माझं तोंडभर कौतुक केलं आणि लगेच म्हणाल्या, "आता घरचे चोर तपास." नियमच आहे तो. खाली काही सापडलं की आधी बघायचं, ते आपल्याच श्वासातून, हातातून, थुंकीतून तर गेलं नाही ना. माझा नमुना आजच दिला. उद्या बोगद्यात जाणाऱ्या सात जणांच्या गालात कापसाची काडी फिरवायची.

बुधवार, ६ मार्च

सहा जणांनी शहाण्या मुलांसारखं आ केलं. अडले ते मुकादम. बावीस वर्षं त्या बोगद्यावर आहेत. आवाज खणखणीत, लिफ्ट तळाला टेकेपर्यंत गात असतात. दाताच्या डॉक्टरची पायरी कधी चढले नाहीत, हे येता-जाता ऐकवतात. तेच आज म्हणे, "माझं कशाला ताई? मी काय भेगेत थुंकतो?" फार आढेवेढे घेतले. शेवटी उघडलं तोंड.

खालून परत निघताना नेहमीप्रमाणे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी भेगेजवळचे टेकू बघून येतो." मिशा पुसत मागून आले. किती वेळा बघायचे ते टेकू!

सोमवार, १८ मार्च

निकाल आला. मी आणि ते सहा जण — स्वच्छ.

मुकादमांच्या तोंडात लठ्या. तंतोतंत तोच.

म्हणजे खडकातला जीव वगैरे काही नाही, मुकादमांची थुंकी आहे. बाथरूममध्ये जाऊन रडले. मोठ्या बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "समितीला पत्र लिही. शोध मागे घेतो म्हणून." तीन वर्षांच्या कामावर पाणी पडलं.

मंगळवार, १९ मार्च

खाणीत बातमी माझ्याआधी पोचली होती. पोरं मुकादमांना बघून तोंडावर हात ठेवतात. एक म्हणाला, "मुकादम, जपून बोला, नवीन प्राणी सांडतील." मलाही हसू आलं, मग लाज वाटली. त्या माणसाचा काय दोष?

लिफ्टमध्ये आज गाणं नव्हतं. चौदाशे मीटर म्हणजे किती लांब, ते आज कळलं.

गुरुवार, २१ मार्च

पत्र लिहिलं. पाठवलं नाही. आईने केलेला चहा दोनदा गार झाला.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी मुकादम प्रयोगशाळेत आले, बायकोला घेऊन. खरं तर बायकोच त्यांना घेऊन आली होती. ते टेबलावरच्या पेनांकडे बघत बसले.

"सांगताय की मी सांगू?" वहिनी म्हणाल्या. "चार दिवस घरात तोंड मिटून बसलेत. मला नाही सहन होत."

मग मुकादम बोलले. "ताई, मी त्या पाण्याने गुळण्या करतो. भेगेच्या. रोज. बावीस वर्षं झाली. धुळीने घसा बसायचा, जुन्या मुकादमांनी शिकवलं. पण खाणीतलं पाणी तोंडात घ्यायला बंदी आहे. खाणीच्या साहेबांना कळलं तर नोकरी जाईल. चार वर्षं राहिलीत माझी."

टेकू! मिशा! इतके दिवस आम्ही एकच विचारत होतो, लठ्याला पाण्यात सोडलं कोणी. पाण्यातून घेतलं कोणी, हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि म्हणे शास्त्रज्ञ!

मोठ्या बाईंनी मात्र जमिनीवर आणलं. "एका तोंडावर समिती विश्वास ठेवणार नाही. ते जुने मुकादम कुठे असतात?"

दोन गल्ल्या पलीकडे! शहात्तर वर्षांचे म्हातारबा. सोळा वर्षं खाणीत पाऊल नाही. दुपारीच गेलो. काडी बघून त्यांना वाटलं दात तपासायला आलोय. कडक टोस्ट कडाकडा चावून दाखवला. म्हणाले, "सगळे माझेच आहेत."

फक्त लठ्याच शोधायचाय, तेव्हा निकाल लवकर येईल. निघताना मुकादम म्हणाले, "साहेबांना मीच सांगतो. तुमच्याकडून कळायला नको." माझ्या लठ्यापायी त्यांची नोकरी गेली तर?

सोमवार, २५ मार्च

साहेबांनी मुकादमांना लेखी ताकीद दिली. तेवढ्यावर भागलं, जीव भांड्यात पडला. ताकीद देऊन झाल्यावर साहेबांनी हळूच विचारलं म्हणे, "घशाला खरंच आराम पडतो का हो?"

आज लिफ्टमध्ये गाणं होतं. अर्धंच, पण होतं.

बुधवार, २७ मार्च

म्हातारबांच्या तोंडात लठ्या! गुळण्या करणाऱ्या दोघांत आहे, न करणाऱ्या आम्हा सात जणांत नाही; म्हणजे तो पाण्यातूनच आला.

पत्र फाडलं. उद्याच्या अर्जात एक रकाना आहे — 'नमुना प्रथम कोणी घेतला'. तिथे माझं नाव होतं. खोडलं. आधी म्हातारबांचं लिहिलं, मग मुकादमांचं. तिसरी मी.

पुढचा रकाना, 'पद्धत'. लिहिलं — गुळणी.